शेअर विकताय की टोकन? क्रिप्टो व्हीसीकडे जाण्याआधी ठाणे-नवी मुंबईच्या फाउंडरांनी काय काय करायचं

टर्मशीटवर, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदावर, सही झाली की मग पोरं आमच्याकडे येतात. मी कंपनी सेक्रेटरी, नौपाड्यात छोटं ऑफिस आहे, आणि ऐरोली, महापे, घोडबंदर रोड अशा सगळीकडून येणाऱ्या ब्लॉकचेनवाल्या (ब्लॉकचेन म्हणजे अनेकांच्या कॉम्प्युटरवर ठेवलेली, मागाहून खोडता न येणारी नोंदवही) फाउंडरांचं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम फंडिंग फायनल झालंय, आता फक्त पेपरवर्क करून द्या". आणि कागद उघडून बघितला की कळतं व्हीसीने, म्हणजे पैसे घालणाऱ्या व्हेंचर कॅपिटल फर्मने, नक्की काय विकत घेतलंय हेच यांना धड माहीत नाही, शेअर म्हणजे कंपनीचा हिस्सा घेतलाय का टोकन म्हणजे ब्लॉकचेनवरची विकता येणारी डिजिटल नाणी घेतलीत का दोन्ही. म्हणून हे सगळं ज्या क्रमाने करायला पाहिजे त्या क्रमाने लिहितेय, सही करायच्या आधी वाचा.

पहिली गोष्ट, समोरच्या माणसाचा धंदा समजून घ्या. व्हीसी फर्म टाकते ते पैसे बहुतेक दुसऱ्यांचे असतात, पेन्शन फंड, मोठी घराणी, विद्यापीठं वगैरे. फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं, त्यात फर्मला वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास फी आणि नफ्यात २० टक्के वाटा, हा जुना चालत आलेला हिशोब. म्हणजे आत येतानाच त्यांचा विचार चालू असतो की बाहेर कसं पडायचं. साध्या स्टार्टअपमध्ये बाहेर पडायचे रस्ते मोजके, कोणीतरी कंपनी विकत घेईल, आयपीओ येईल, नाहीतर पुढच्या राउंडमध्ये दुसरा गुंतवणूकदार त्यांचे शेअर घेईल, आणि त्याला सात-आठ वर्षं सहज जातात. क्रिप्टोत अजून एक रस्ता असतो, टोकन एक्स्चेंजवर लिस्ट झालं, लॉक-इन (विकायला बंदी असलेला काळ) संपलं की विकून मोकळे. तुमचं प्रॉडक्ट तेव्हा अर्धवट असलं तरी चालतं त्यांना. व्हीसीचा प्रत्येक प्रश्न आणि टर्मशीटमधला प्रत्येक क्लॉज या एका फरकातून निघतो, त्यामुळे तुम्ही पण सुरुवात इथूनच करा.

दोन आपल्याकडचीच उदाहरणं घ्या. कॉइनस्विच या क्रिप्टो एक्स्चेंजने ऑक्टोबर २०२१ मध्ये २६ कोटी डॉलर उभे केले, अँड्रीसन हॉरोविट्झ आणि कॉइनबेस व्हेंचर्स हे अमेरिकी गुंतवणूकदार आले, अँड्रीसनची ती भारतातली पहिली गुंतवणूक होती. तो सरळ कंपनीचा हिस्सा, कारण एक्स्चेंज चालवणाऱ्या कंपनीचं उत्पन्न कंपनीतच येतं. पॉलिगॉन या ब्लॉकचेन नेटवर्कने फेब्रुवारी २०२२ मध्ये ४५ कोटी डॉलर घेतले, पुढाकार सिकोया कॅपिटल इंडियाचा, तिथे मात्र गुंतवणूकदारांनी मॅटिक टोकन घेतले, कारण नेटवर्कची किंमत टोकनमध्ये साठते. दोन्ही बातम्यांमध्ये "फंडिंग" हा एकच शब्द आणि आत पूर्णपणे वेगळा व्यवहार.

मग तुमचं काय ते ठरवा. टॅक्स सॉफ्टवेअर, वॉलेट, ऑडिट सर्व्हिस, एक्स्चेंज, कस्टडी (लोकांचं क्रिप्टो सांभाळून ठेवणं) असं काही असेल, ग्राहक रुपयात किंवा डॉलरमध्ये बिल भरणार असेल, तर शेअर पुरेत, टोकन काढू नका. नेटवर्कच असं आहे की लोकांनी त्यात मशीन लावायचं, डेटा साठवायचा, व्यवहार पडताळायचे आणि त्याबद्दल त्यांना काहीतरी मिळायला पाहिजे, तर टोकनला अर्थ आहे. व्हीसीला आवडेल म्हणून टोकन जोडणारे खूप बघितलेत, पहिल्या मीटिंगमध्येच "टोकन काढून टाकलं तर प्रॉडक्टमध्ये काय बंद पडेल" असं विचारलं की ततपप होतं.

तसाच दुसरा प्रश्न, ब्लॉकचेन काढून टाकली तर काय बंद पडेल. आपल्या पट्ट्यात दोन आयडिया सारख्या येतात. एक वाशीच्या एपीएमसीची, हापूसची पेटी कुठल्या बागेतली हे चेनवर टाकायचं. ठीक आहे, पण बागेत किंवा गाळ्यावर ती नोंद करणार कोण? त्याने कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून टाकला तर चेन ती खोटी नोंद जन्मभर इमानदारीने जपून ठेवणार. दुसरी आयडिया न्हावा शेवाची, शिपिंगचे सगळे कागद ब्लॉकचेनवर. ही ऐकायला इतकी बरोबर वाटते की मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी मिळून २०१८ मध्ये ट्रेडलेन्स नावाने करून पण बघितली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं, टेक्नॉलॉजी चालत होती पण सगळ्या इंडस्ट्रीने एकत्र यायला पाहिजे ते काही झालं नाही. व्हीसीला हे पाठ असतं. तुम्ही शिपिंगवाली आयडिया घेऊन गेलात आणि ट्रेडलेन्सचं नाव तुम्हाला माहीत नसेल तर चहा पिऊन परत या. याउलट गडचिरोलीत एटापल्लीला २०२२ मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉनवर नोंदवायचं काम हाती घेतलं होतं, तिथे दाखला देणारं सरकारच असल्यामुळे "नोंद कोण करणार" हा प्रश्नच उरत नाही, पुढे फक्त कोणी खाडाखोड केली का एवढं तपासायचं. तुमची आयडिया आंब्यासारखी आहे का दाखल्यासारखी आहे ते स्वतःला आधीच विचारा.

आता व्हीसींची यादी. सरसकट सगळ्यांना मेल मारू नका. एक गट म्हणजे फक्त क्रिप्टोच करणारे, पँटेरा तर २०१३ पासून बिटकॉइन फंड चालवतेय, पॅराडाइम २०१८ ला सुरू झाली, ड्रॅगनफ्लाय आहे, अँड्रीसनचा वेगळा क्रिप्टो विभाग आहे ज्याने मे २०२२ मध्ये एकट्या चौथ्या फंडात साडेचार अब्ज डॉलर जमवले, भारताकडे खास लक्ष देणारी हॅश्ड इमर्जंट आहे. हे लोक टोकन घेतात, कोड वाचतात, आणि बाजार पडला की गप्प होतात. दुसरा गट आपले नेहमीचे भारतीय व्हीसी, त्यांना शेअर कळतात, कागद कळतात, पण त्यांच्या फंडाच्या कागदात टोकन घ्यायची परवानगी आहे का हे विचारून घ्या, बऱ्याचदा नसते आणि त्यांच्या ज्युनिअर लोकांना ते माहीतच नसतं, दोन महिने मीटिंगा होतात आणि मग लीगलवाला येऊन नाही म्हणतो. अजून एक विचारा, फंड कुठल्या वर्षी सुरू झाला. फंडाचं सातवं-आठवं वर्ष चालू असेल तर नवीन चेक जवळपास संपलेले असतात, मीटिंग फक्त माहिती काढायला चाललीय.

फर्म खरी आहे का ते तपासणं, हे सगळेच हसण्यावारी नेतात. भारतातला फंड असेल तर सेबीच्या साइटवर नोंदणी झालेल्या एआयएफची (असल्या खाजगी गुंतवणूक फंडांची) यादी आहे, नाव शोधा. अमेरिकेतला असेल तर एसईसीच्या, म्हणजे तिथल्या सेबीच्या, साइटवर ॲडव्हायझर म्हणून नोंद सापडायला पाहिजे, सिंगापूरचा असेल तर तिथल्या एमएएस या नियामक संस्थेची डिरेक्टरी आहे. टेलिग्रामवर कोणी "पार्टनर" म्हणून येतो, मीटिंगसाठी लिंक देतो, आवाज येत नाहीये म्हणून एक छोटं अपडेट डाउनलोड करायला लावतो, ते केलं की लॅपटॉपमधल्या वॉलेटच्या चाव्या, म्हणजे क्रिप्टो हलवायचे गुप्त कोड, गेल्या. क्रिप्टो फाउंडरांना असंच गाठतात. आणि गुंतवणूक करायच्या आधी "केवायसी फी", "लीगल डिपॉझिट", "वॉलेट व्हेरिफिकेशनसाठी थोडे यूएसडीटी" (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो) असं काहीही मागितलं तर तो चोर आहे, यात अपवाद नाही.

फर्म खरी आणि मोठी असली म्हणजे निर्धास्त व्हायचं असंही नाही. सिकोयाने एफटीएक्स या बुडालेल्या क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये घातलेले २१ कोटी डॉलरच्या वरचे पैसे नोव्हेंबर २०२२ मध्ये शून्य धरले आणि आपल्या गुंतवणूकदारांना तसं पत्र लिहून कळवलं. इतकी तपासणी करणारी माणसं, तरी. थ्री ॲरोज कॅपिटल ही क्रिप्टो फंड कंपनी त्याच वर्षी जूनमध्ये कोसळली, तीही स्टार्टअपमध्ये पैसे घालायची आणि बाजूला उसने पैसे घेऊन ट्रेडिंग पण करायची. त्यामुळे समोरच्याला सरळ विचारा, तुमचा ट्रेडिंग डेस्क आहे का, आमचं टोकन तुम्हीच शॉर्ट करू शकता का, म्हणजे भाव पडेल यावर पैसे लावू शकता का, २०२२ मध्ये तुमच्या पोर्टफोलिओतल्या किती कंपन्यांत तुम्ही पुन्हा पैसे घातलेत. मग त्या पोर्टफोलिओतल्या बंद पडलेल्या कंपनीच्या फाउंडरला शोधून फोन करा, चालू असलेल्याला नको, तो गोडच बोलणार.

स्वतःचं घर आवरायचं काम एका महिन्याचं धरा. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर प्रायव्हेट लिमिटेड करून घ्या, व्हीसी घेतात ते प्रेफरन्स शेअर (पैसे परत मिळण्यात पहिला नंबर असलेले) एलएलपीत देताच येत नाहीत. कोड कोणाच्या नावावर आहे बघा. कॉलेजच्या मित्राने सुरुवातीला लिहिलेला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्राम), तो मित्र आता कॅनडात, रिपॉझिटरी अजून त्याच्या अकाउंटवर, असं हमखास निघतं, त्याच्याकडून हक्क कंपनीच्या नावे लिहून घ्या आणि तो आत्ता मित्र आहे तोवरच घ्या. कंपनीच्या नावावर क्रिप्टो असेल तर १ एप्रिल २०२१ पासून ते बॅलन्स शीटच्या टिपांमध्ये दाखवावं लागतं, फाउंडरच्या खाजगी वॉलेटमध्ये कंपनीचे टोकन ठेवलेले असतील तर ते आजच हलवा. एक्स्चेंज, कस्टडी, लोकांच्या वतीने क्रिप्टोची देवाणघेवाण असलं काही करत असाल तर मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगचा कायदा लागू आहे आणि एफआययू या केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी लागते, व्हीसीचा वकील पहिल्याच यादीत हे मागतो. टॅक्सचं तर पाठच असेल, क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के, तोटा कुठेही वळता होत नाही, व्यवहारावर १ टक्का टीडीएस, हे सगळं २०२२ पासून. एंजल टॅक्स (शेअर वाजवी किमतीपेक्षा महाग विकले तर कंपनीला लागायचा तो) मात्र २०२४ च्या बजेटमध्ये काढून टाकला, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून घाबरू नका.

बँकेचं एक सांगते. बँकांनी क्रिप्टोवाल्यांना सेवा देऊ नये असं सांगणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं सर्क्युलर सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं, पण ते शाखेपर्यंत पोचलेलं असतंच असं नाही. आमच्या एका क्लायंटचं करंट अकाउंट एका शाखेने नुसता "ब्लॉकचेन" शब्द वाचून अडवून ठेवलं होतं, बिचारे कोल्ड स्टोरेजचं सॉफ्टवेअर करतात. कंपनीच्या उद्देशांत खोटं लिहू नका, पण जे करता तेच साध्या भाषेत लिहा, आणि परदेशी पैसे येणार असतील तर फॉरेक्सचं काम रोज करणारी शाखा निवडा, घराजवळची नको.

भेटणार कसं? ओळखीतून गेलात तर उत्तम, त्यातही सगळ्यात चांगली ओळख म्हणजे त्यांच्याच पोर्टफोलिओतला फाउंडर. ती नसेल तर हॅकेथॉन, म्हणजे एकत्र बसून कोड लिहायच्या स्पर्धा. बंगळुरूचा ईटीएच इंडिया २०१८ मध्ये सुरू झाला, आणि इथेरियम या मोठ्या ब्लॉकचेनचा डेव्हकॉन मेळावा २०२६ साठी मुंबईला द्यायचं ठरलं, म्हणजे ठाण्यातून लोकल पकडून जाण्यासारखं. स्टेजवरचं भाषण ऐकायला जाऊ नका, बाहेर कॉफीच्या रांगेत उभे राहा.

डेक, म्हणजे व्हीसीला दाखवायचं प्रेझेंटेशन, दहा-बारा स्लाइडचा पुरे. त्यात आकडे कुठले दाखवता त्याला महत्त्व आहे. "पन्नास हजार वॉलेट" लिहिलंत आणि एअरड्रॉपच्या (फुकट वाटल्या जाणाऱ्या टोकनच्या) आशेने एकाच माणसाने शंभर-शंभर वॉलेट उघडलेली निघाली तर संपलं, चेन सगळ्यांना दिसते, समोरचा ॲनालिस्ट मीटिंगच्या आदल्या रात्री बघून आलेला असतो. त्यापेक्षा चारशे लोक आहेत पण तीन महिन्यांनी पण परत येतायत, फी भरतायत, हे दाखवा. आणि चाव्यांचा प्रश्न येणारच, मल्टीसिग (एकापेक्षा जास्त चाव्यांच्या सह्या लागणारं वॉलेट) आहे का, किती सह्या लागतात, सही करणारे सगळे एकाच फ्लॅटमध्ये राहतात का. हसू नका, जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजचे २३ कोटी डॉलर गेले ते मल्टीसिग वॉलेटमधूनच. कोपरखैरण्याच्या एका टूबीएचकेमध्ये तीन फाउंडर, तीन लॅपटॉप, एकच वायफाय, याला मल्टीसिग म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा.

आता टर्मशीट, इथे वेळ काढा. शेअरचा भाग नेहमीचाच असतो, सीसीपीएस (पुढे साध्या शेअरमध्ये बदलावेच लागणारे प्रेफरन्स शेअर), लिक्विडेशन प्रेफरन्स (कंपनी विकली गेली तर व्हीसीने आधी उचलायची रक्कम) घातलेल्या पैशाच्या एकपटच मान्य करा, ऑप्शन पूल (कर्मचाऱ्यांसाठी राखलेले शेअर) आत्ताच्या व्हॅल्युएशनमधून कापतायत का नंतरच्या ते बघा, कुठलाही बरा वकील सांभाळेल. गोची टोकन वॉरंटमध्ये असते. तो एक वेगळा दोन-तीन पानी कागद असतो, साइड लेटर म्हणून मागाहून मेलवर येतो, आणि त्यात लिहिलेलं असतं की पुढे कधी टोकन काढलं तर गुंतवणूकदाराला त्याच्या हिश्श्याच्या प्रमाणात मिळेल. प्रमाणात म्हणजे कशाच्या?

हिशोब करू. समजा व्हीसीकडे कंपनीचे १० टक्के शेअर आहेत. उद्या १०० कोटी टोकन काढले, त्यातले ६० कोटी वापरणारे, नोड (नेटवर्कची मशीन) चालवणारे, कम्युनिटी यांच्यासाठी ठेवले आणि ४० कोटी कंपनीच्या आतल्या लोकांसाठी, म्हणजे फाउंडर, टीम, गुंतवणूकदार. वॉरंटमध्ये "कंपनीच्या आतल्या वाट्याच्या प्रमाणात" असं असेल तर व्हीसीला ४ कोटी टोकन. "एकूण पुरवठ्याच्या प्रमाणात" असेल तर १० कोटी. ते जास्तीचे ६ कोटी कुठून येणार? कम्युनिटीचे कमी केलेत तर नेटवर्क मरतं, म्हणून मग तुमचे आणि तुमच्या टीमचे जातात, ४० मधून १० गेले की बाकीच्या सगळ्या आतल्यांना मिळून उरतात ३०, आणि त्यात सीड, म्हणजे सगळ्यात पहिल्या, राउंडवाल्याने पण तसंच वॉरंट घेऊन ठेवलेलं असलं तर विचारू नका. दोन-तीन शब्दांचा फरक. त्यामुळे आतल्या वाट्याचंच प्रमाण मागा, आणि आतला वाटा किती हे आत्ताच आकड्यात बांधून टाकू नका, एक कमाल मर्यादा लिहा.

मग लॉक-इन. साधारण पद्धत अशी की पहिलं वर्ष काहीच नाही आणि मग पुढची दोन-तीन वर्षं दर महिन्याला थोडं थोडं सुटतं. पण वर्ष कधीपासून मोजायचं? पैसे दिले त्या दिवसापासून मोजलं आणि टोकन यायला दोन वर्षं लागली तर लिस्टिंगच्या दिवशी व्हीसीचं पहिलं वर्ष कधीच संपलेलं असतं, तो सकाळी विकायला मोकळा आणि तुमचे युजर खरेदी करणारे. टोकन बाजारात आल्याच्या दिवसापासूनच मोजायचं, यावर अडून बसा. बदल्यात ते म्हणतील फाउंडरांनाही तेवढंच किंवा जास्त लॉक-इन, ते मान्य करा, रास्त आहे. लॉकमध्ये असलेले टोकन स्टेक करून (नेटवर्ककडे तारण ठेवून) मिळणारं व्याज लगेच विकता येतं का, हे पण विचारा, बरेच लोक मागच्या दाराने तिथूनच बाहेर पडतात. आणि एक ओळ घालून घ्या की टोकन काढायची सक्ती नाही, ठराविक तारखेपर्यंत टोकन आलं नाही तर शेअर परत घ्या वगैरे असलं काही असेल तर खोडा.

टोकन कुठून काढायचं हा वेगळा गुंता. भारतात टोकन काढण्यासाठी वेगळा कायदा नाही, म्हणून लोक केमनला किंवा स्वित्झर्लंडला फाउंडेशन, सिंगापूरला कंपनी आणि इथे काम करणारी सबसिडिअरी अशी मांडणी करतात. करा, पण ऑनलाइन फॉर्म भरून परदेशात कंपनी काढली आणि शेअर आपल्या नावावर घेतले की ती फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, परदेशी गुंतवणूक झाली, तुमच्या बँकेमार्फत आधी फॉर्म भरावा लागतो, पैसे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेतच जातात. हे न करता आलेल्या पोरांची नंतरची लेट फी मी भरून देते, म्हणजे त्यांच्याच पैशाने. इथली सबसिडिअरी काम करणार तर बिल नफ्यासकट लावायचं, नुसत्या पगाराएवढं लावलं की ट्रान्सफर प्रायसिंगवाला (आपल्याच परदेशी कंपनीला लावलेला दर तपासणारा टॅक्स अधिकारी) विचारतो.

पैसे येण्याचा दिवस. भारतीय कंपनीच्या शेअरचे पैसे परदेशातून बँकेतूनच यायला पाहिजेत. व्हीसी म्हणाला "यूएसडीटी पाठवतो, पाच मिनिटांत येतील" तर नाही म्हणा, कितीही घाई असली तरी, तसे आलेले पैसे शेअरसाठी धरताच येत नाहीत. फंडात चीन किंवा शेजारच्या देशांतला पैसा असेल तर २०२० च्या प्रेस नोट ३ मुळे सरकारी परवानगीचा विषय येतो, त्यामुळे फंडामागचे खरे मालक कोण हे टर्मशीटच्या आधी लेखी घ्या. शेअरची किंमत व्हॅल्युएशन रिपोर्टपेक्षा कमी नको. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यायचे, दिल्यापासून १५ दिवसांत आरओसीला (कंपनी रजिस्ट्रारला) पास-३ हा शेअर दिल्याचा फॉर्म, आणि तो भरल्याशिवाय त्या पैशाला हात लावायचा नाही, हे कोणालाच माहीत नसतं, पैसे आले की दुसऱ्या दिवशी पगार वाटून मोकळे होतात. मग शेअर दिल्यापासूनच ३० दिवसांच्या आत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर हा परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म, त्याला बँकेचं एफआयआरसी (परदेशातून पैसे आल्याचा दाखला) आणि केवायसी लागतं, परदेशी बँकेकडून केवायसी यायलाच दोन-तीन आठवडे जातात, म्हणून पैसे आले त्याच दिवशी मागून ठेवा.

आलेले पैसे ठेवायचे कुठे? २०२२ मध्ये बऱ्याच स्टार्टअपचे पैसे एफटीएक्सवर अडकले. व्हीसीने त्याच्याच ओळखीचं एक्स्चेंज सुचवलं, जास्त व्याज सुचवलं, तरी पगाराचे दीड वर्षाचे पैसे बँकेत एफडीत टाका, टोकनमध्ये असलेली ट्रेझरी वेगळ्या मल्टीसिगमध्ये, त्यातली एक चावी कंपनीबाहेरच्या माणसाकडे. आणि सही करायच्या आधी कागद घेऊन या, शनिवारी दुपारी दोनपर्यंत ऑफिस चालू असतं, गोखले रोडला पार्किंग मिळत नाही म्हणून ट्रेननेच या.